पिकलेला मोतीबिंदू आणि न दिसणारा आजार

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील पांढुर्णा आणि सौंसर हे मराठीभाषक तालुके 1956 च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिले आणि नागपूर मुंबई राज्यात गेले, तरी मोठ्या दुखण्यासाठी नागपूर गाठण्याची तेथील रीत मोडली नाही. पांढुर्ण्याहून इटारसी–नागपूर लोहमार्गाने, तर सौंसरहून, 2015 मध्ये बंद होईपर्यंत, छिंदवाडा–नागपूर नॅरोगेज गाडीने तिकडे जाता येई.

डोळ्यांसाठी हा प्रवास बहुधा उशिरा होई, आणि त्याला अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल. मोतीबिंदू, म्हणजे डोळ्यातील भिंगाला आलेला गढूळपणा, पूर्ण ‘पिकू’ द्यावा असे पूर्वी डॉक्टरच सांगत. जुन्या पद्धतीत पक्व भिंग काढणे सोपे जाई, आणि नंतर जाड काचांचा चष्मा लागत असल्याने थोडेफार दिसणाऱ्याला घाईचा लाभ नसे. 1976 मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि 1994 नंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने मध्य प्रदेशासह सात राज्यांत मोतीबिंदू शस्त्रक्रियांना वेग आला, तेव्हा शिबिरांवरचा विश्वास पट्टी सुटल्यावर दिसू लागलेल्या शेजाऱ्यामुळे वाढला. तो विश्वास तडकूही शकतो, हे 2015 मध्ये मध्य प्रदेशातीलच बडवानी येथील शस्त्रक्रियांनंतर अनेकांची दृष्टी गेली तेव्हा राज्याने पाहिले.

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला होणारा विकार या अनुभवात बसत नाही, कारण आरंभी तो दुखत नाही आणि नजरही कमी करत नाही. त्याच्या तपासणीसाठी चांगले दिसणाऱ्या माणसाला बोलवावे लागते. बाहुली मोठी करणारे थेंब टाकले तर काही तास सारे अंधूक दिसते आणि मोटारसायकलने आलेल्या शेतकऱ्याचा दिवस मोडतो. कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या, तज्ज्ञांनी पारखलेल्या असंख्य छायाचित्रांवरून रोगखुणा ओळखायला शिकलेली संगणकप्रणाली, येथे कामाला येते. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत स्मार्टफोनवर, इंटरनेटशिवाय चालणाऱ्या अशा प्रणालीने तज्ज्ञाकडे पाठवण्याजोगा एकही रुग्ण सोडला नाही, असा निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाला.

रुग्णांना यंत्राचे वावडे आहे, हा समज मात्र तपासून घ्यावा लागतो. मेलबर्नमधील 2018 च्या एका छोट्या अभ्यासात 96 पैकी बहुतेकांनी समाधान व्यक्त केले आणि 78 टक्क्यांनी जुन्या पद्धतीपेक्षा यंत्राची तपासणी पसंत केली; तीत निकाल तेथल्या तेथे मिळत होता. उलट थायलंडच्या 11 आरोग्यकेंद्रांत सुमारे पाचवा हिस्सा छायाचित्रे अस्पष्ट म्हणून यंत्राने नाकारली. अशा रुग्णाला दूरच्या रुग्णालयात पुन्हा जावे लागे, आणि त्या हेलपाट्याच्या धास्तीने काहींनी तपासणीच नाकारली. नकार यंत्राला नव्हता, पुढच्या खेपेला होता.

ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा व सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, पण सरकारी कागद हिंदीत आणि रुग्णाचा प्रश्न मराठीत ही स्थिती कायम आहे. त्यामुळे या भागात अशी तपासणी आणणाऱ्यांनी निकाल मराठीत समजावणारी व्यक्ती आणि पुढच्या उपचाराची ठरलेली तारीख, दोन्ही कॅमेऱ्याबरोबरच आणावीत.