मांजर साडीवर, उंदीर शर्टावर

आज पॉडकास्टमध्ये चक्क एक चित्र बघायचंय. मी सांगते, तुम्ही डोळ्यांसमोर आणा.

साल 1952. 'मोहिनी' मासिकाचं मुखपृष्ठ. एक तरुण, एक तरुणी. तिच्या साडीवर मांजरांची नक्षी, त्याच्या शर्टावर उंदीर. बस्स! खाली एक शब्द नाही. चित्रकार शि. द. फडणीस, मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे, शिकले मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये.

राजकीय व्यंगचित्राचं एक दुखणं असतं. मंत्री बदलला की पुढच्या पिढीला तळटीप द्यावी लागते. फडणीसांनी पुढारी बाजूला ठेवले आणि साधी माणसं धरली. मुलीशेजारी उभं राहिल्यावर मुलाच्या पोटात जो गोळा येतो, तो त्यांनी चेहऱ्यावर नाही, कापडावर काढला. उंदीर-मांजराचं नातं आपल्याला आधीच माहीत असतं, त्यामुळे उरलेली गोष्ट आपणच जुळवतो. म्हणून भाषा न येणाराही हसतो.

पुढे शाळेच्या गणिताच्या पुस्तकांतही त्यांची चित्रं आली. गणितात हसू! आमच्या वर्गात तेवढंच काय ते कळायचं.

पण एक गोष्ट मला खटकते. रस्त्यावर कोण कोणाला घाबरून चालतं, हे मुलींना विचारा. मग मांजर तिच्याच साडीवर का? त्याची धडधड आपल्याला कळते. तिच्या मनात काय चाललंय, ते चित्रात नाही.

शोधून बघा ते कव्हर. आणि कळवा, तुम्हाला आधी काय दिसलं?