पथारी, बिऱ्हाड, जागा : गिरणगावातील वस्तीनिवडीचा इतिहास

शहरातील एखाद्या जुन्या श्रमिक वस्तीत सुस्थितीतील लोक येऊन राहू लागतात, घरांच्या किमती चढतात आणि मूळचे रहिवासी हळूहळू निघून जातात, या प्रक्रियेला ‘जेंट्रिफिकेशन’ हे नाव समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी 1964 मध्ये ‘लंडन : अ‍ॅस्पेक्ट्स ऑफ चेंज’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत दिले. ‘जेंट्री’ म्हणजे ग्रामीण इंग्लंडातील सधन जमीनदार वर्ग. लंडनच्या कामगार वस्त्यांत घरे घेणाऱ्या मध्यमवर्गाला हा शब्द लावण्यात बोचरा उपरोध होता. मराठीत त्यासाठी ‘अभिजनीकरण’ किंवा ‘उच्चभ्रूकरण’ असे प्रतिशब्द योजले जातात. त्यांत तो उपरोध उरत नाही. शिवाय मूळ शब्दाप्रमाणेच तेही केवळ येणाऱ्याचे नाव सांगतात, जाणाऱ्याविषयी काही बोलत नाहीत. जाणाऱ्याच्या बाजूने हा इतिहास वाचायचा असेल, तर मुंबईच्या गिरणगावात राहण्याच्या ठिकाणासाठी रुळलेले तीन शब्द अधिक उपयोगी ठरतात : पथारी, बिऱ्हाड आणि जागा. वस्ती निवडण्याचा अधिकार कोणाला आणि किती होता, हे या तीन शब्दांच्या आधारे तपासता येते.

कावसजी दावर यांनी 1854 मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी 1856 मध्ये ताडदेवला सुरू झाली. पुढील अर्धशतकात भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, वरळी हा पट्टा गिरण्यांनी भरून गेला. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारापुढे ‘कोणत्या भागात राहावे’ हा प्रश्न फारसा उभा राहत नसे. त्याचे उत्तर गाव सोडण्यापूर्वीच ठरलेले असे. गावकीच्या खोलीत त्याची पथारी पडे. एका पाळीचे लोक कामावर असताना दुसऱ्या पाळीचे तिथे झोपत. जेवण खानावळीत, नोकरी जॉबरच्या ओळखीने आणि अडीनडीला उसनवारी त्याच वर्तुळात. कामगार गावाशी, नातलगांशी आणि वस्तीशी कसे बांधलेले होते आणि त्यातूनच त्यांची संघटनशक्ती कशी घडली, याचे विस्तृत विवेचन इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी 1994 च्या आपल्या ग्रंथात केले आहे. भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर राहणे ही कामाची गरज होती. आवडीनिवडीला तिथे वाव नव्हता.

या वस्तीचे स्मरणरंजन करताना तिच्या आतील भिंतीही लक्षात घ्याव्या लागतात. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या सुधार विश्वस्त मंडळाने आणि पुढे 1920 च्या दशकात विकास खात्याने सरकारी चाळी बांधल्या. नायगाव, वरळी, डिलाईल रोड आणि शिवडी येथील 207 बीडीडी चाळी त्यांतल्याच. तथापि चाळ, मजला आणि शेजार यांच्या वाटणीत जातीचा हात होताच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी परळच्या बीआयटी चाळीत अनेक वर्षे वास्तव्य केले. त्याच परिसरातील गिरण्यांत साचेखात्याचे दरवाजे अस्पृश्य कामगारांना बंद होते, कारण धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे. वस्तीने माणसाला आधार दिला, हे जितके खरे तितकेच त्या आधाराला जातीची मर्यादा होती, हेही खरे.

पुढे कुटुंबे मुंबईत आली आणि पथारीचे बिऱ्हाड झाले. या स्थित्यंतराला कायद्याचे बळ 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने मिळाले. भाडी 1940 च्या पातळीशी बांधली गेली आणि भाडेकरूला सहजासहजी काढता येईना. घरमालकाला दुरुस्तीत रस उरला नाही, इमारती खचत गेल्या, ‘पगडी’चा व्यवहार बोकाळला. हे दुष्परिणाम नाकारता येत नाहीत. परंतु या कायद्याने गिरणी कामगाराला एक अपूर्व गोष्ट दिली. पुन्हा पुन्हा वस्ती निवडण्याची सक्ती त्याच्या डोक्यावरून उतरली. नोकरी बदली कामगाराची असली, तरी पत्ता कायमचा झाला. गिरणगावाची ग्रंथालये, भजनी मंडळे, व्यायामशाळा, कलापथके आणि युनियनच्या कचेऱ्या या स्थैर्यावर उभ्या राहिल्या. वरेरकरांच्या ‘धावता धोटा’पासून नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’पर्यंतचे कामगारजीवनाचे साहित्य याच भूमीतले. अण्णा भाऊ साठे यांनी ‘मुंबईची लावणी’त मलबार हिल आणि परळ समोरासमोर ठेवले. शहराच्या दोन टोकांचे ते वर्गचित्र समजायला नकाशा लागत नसे.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही; गिरण्या मात्र एकामागून एक मंदावल्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58 प्रमाणे गिरणीची जमीन विकसित करताना तिचे ढोबळमानाने तीन वाटे होणार होते : एक महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी आणि एक मालकासाठी. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली. इमारती पाडून मोकळी होणारी जमीन तिच्यातून वगळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2006 मध्ये ही दुरुस्ती ग्राह्य धरली. शहराला आणि कामगारांना मिळू शकणाऱ्या जमिनीचा मोठा भाग अशा रीतीने हातचा गेला.

लंडन आणि मुंबई यांच्यातील मूलभूत भेद येथे स्पष्ट होतो. ग्लास यांनी वर्णिलेल्या प्रक्रियेत मध्यमवर्गीय कुटुंब जुने घर घेते, ते नीटनेटके करते आणि घरागणिक वस्तीचा रंग पालटतो. गिरणगावात बदलाचे एकक घर नव्हते, गिरणीचे आवार होते. चाळ जागच्या जागी उभी राहिली आणि समोरचे आवार मॉल, कचेऱ्या व मनोरे यांनी भरले. चाळकऱ्याला कोणी हाकलले नाही. त्याच्या खोलीची किंमत तेवढी वाढली, आणि बिऱ्हाडाची ‘जागा’ झाली. ‘जागेला काय भाव आहे?’ हा प्रश्न जिन्यावर विचारला जाऊ लागला. भावांच्या वाटण्या, मुलीचे लग्न, आजारपण, बुडालेली देणी यांच्या ओझ्याखाली खोली विकून कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, विरारकडे गेली. कागदोपत्री हा स्वेच्छेचा व्यवहार होता आणि नव्या ठिकाणी स्वतंत्र स्वयंपाकघर मिळाले, ही गोष्ट विशेषतः स्त्रियांच्या दृष्टीने क्षुल्लक नव्हती. तरीही ज्या निवडीत राहण्याचा पर्याय परवडत नाही, तिला निवड म्हणावे का, हा प्रश्न उरतोच. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकाचे शीर्षक नेमके या अवस्थेचे नाव आहे. संपाने मोडलेल्या कुटुंबातील भावंडे एकाच खोलीत राहूनही वेगवेगळ्या दिशांना फेकली जातात. पत्ता तोच असूनही पायाखालची जमीन सुटलेली असते.

नव्याने येणाऱ्याला मात्र निवडीचे पुरेपूर स्वातंत्र्य होते, नावाच्या निवडीचेसुद्धा. लोअर परळमधील घरे ‘अपर वरळी’ या नावाने विकली जाऊ लागली. कामगारस्मृती लागलेले नाव टाळून शेजारच्या प्रतिष्ठित नावाचा आश्रय घेण्याची ही रीत भाषाभ्यासकांनी नोंदवण्याजोगी आहे. वस्तीची जुनी हाडे मात्र नावाने बदलत नाहीत. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत 23 जणांचा मृत्यू झाला. गिरण्यांच्या काळातल्या स्थानकावर कचेऱ्यांच्या नव्या गर्दीचा भार पडला होता. त्याच वर्षी 29 डिसेंबरला कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत 14 जण दगावले. 2018 मध्ये स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले.

कामगारांच्या वाट्याला लहान घरे सोडतीने आली. 2012 पासूनच्या सोडतींत काहींना मुंबईतच, तर काहींना पनवेलजवळच्या कोनसारख्या दूरच्या ठिकाणी घर मिळाले. पहिल्या पिढीची पथारी गावकीने ठरवली होती, तिच्या नातवंडांचे घर चिठ्ठीने ठरवले. याउलट बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात 2025 मध्ये वरळीच्या पहिल्या रहिवाशांना त्याच आवारात 500 चौरस फुटांची घरे मिळाली. तेथे जमीन सरकारची होती आणि मूळ जागीच घर देण्याचे धोरण होते, म्हणून राहून जाणे शक्य झाले. मनोऱ्यातील देखभालीचा खर्च पेलून ही कुटुंबे तिथे टिकतात की दुसऱ्यांदा ‘जागा’ विकतात, यावर त्या धोरणाचे यश ठरेल.

तौलनिक अभ्यासात ‘जेंट्रिफिकेशन’ ही संज्ञा मराठीत आणताना म्हणूनच प्रतिशब्दापाशी थांबून चालणार नाही. वस्तीनिवडीचा प्रश्न येणाऱ्याच्या अभिरुचीचा मानला, तर गिरणगावाचा अर्धा इतिहास त्यातून निसटतो. उरलेला अर्धा निवड न करावी लागण्याच्या हक्काचा आहे. भाडेकायद्याने तो काही दशके सांभाळला, जमिनीच्या किमतीने तो विकायला लावला. आणि या भागातले मराठी साहित्य त्या दोन्ही अवस्थांचे साक्षीदार आहे.