बडोद्याच्या राजकन्येनं मोडलेलं लग्न

गेल्या जुलैमध्ये ऑकलंडचा पाऊस दोन दिवस थांबायचं नाव घेत नव्हता, तेव्हा आम्ही चार कुटुंबं एका मित्राकडे जमलो होतो. मुगाची खिचडी, कढी, भाजलेले पापड आणि नंतर 'द डचेस' हा २००८ सालचा चित्रपट, असा साधा बेत. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधली जॉर्जियाना ही त्यातली नायिका. १७७४ मध्ये सतराव्या वाढदिवशी तिचं डेव्हनशायरच्या ड्यूकशी लग्न झालं. पुढे तिचीच मैत्रीण, एलिझाबेथ फॉस्टर, घरात राहायला येऊन ड्यूकची प्रेयसी झाली आणि तिघं एका छपराखाली वर्षानुवर्षं राहिली. जॉर्जियाना हुशार होती. १७८४ च्या निवडणुकीत ती फॉक्ससाठी रस्त्यावर उतरून मतं मागत हिंडली, पण स्वतः तिला मत नव्हतं. तिला चार्ल्स ग्रेपासून मुलगी झाली, ती तिला सोडून द्यावी लागली. नवऱ्यापुढे तिचा नाइलाज होता, कारण कायद्यानं मुलं बापाची. आईला लहान मुलांच्या ताब्यासाठी कोर्टाकडे नुसता अर्ज करता येण्यासाठी इंग्लंडात १८३९ साल उजाडावं लागलं.

चित्रपट संपला आणि यजमान वहिनी चहा ओतता ओतता म्हणाल्या, "म्हणजे सवतच की हो! त्यात एवढं काय? आपल्या राजेरजवाड्यांत घरोघरी होत्या." आणि मग जरा थांबून, "पण आपल्यातल्या एखादीनं 'मी नाही जायची सवतीवर' असं म्हटल्याचं कधी ऐकलं नाही बाई."

मी ऐकलेलं होतं. त्या रात्री चहाबरोबर अर्धवट सांगितलं, ते नीट लिहून काढ असा हुकूम झाला, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी बडोद्याचा. आमची आत्या दांडिया बाजारात राहायची आणि सयाजीराव महाराजांचा उल्लेख ती 'सरकार' असाच करायची, सरकार जाऊन पन्नास वर्षं झाली होती तरी. मी इंजिनिअरिंग शिकलो ते कलाभवनात. ती संस्था १८९० साली महाराजांनीच काढलेली. महाराजांबद्दल आमच्या घरात वाईट शब्द निघत नसे. राजकन्येच्या लग्नाचा विषय निघाला की मात्र आत्याचा आवाज आपोआप खाली यायचा. मला लहानपणी वाटायचं, ही गोष्ट कालपरवाच घडलेली असावी.

घडली ती १९११ मध्ये. सयाजीराव आणि चिमणाबाई (दुसऱ्या) यांची एकुलती एक मुलगी इंदिराराजे. जन्म १८९२ चा. शाळा-कॉलेजात शिकलेली, युरोप पाहिलेली, वडिलांची लाडकी. तिचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलं. मराठा संस्थानांत गायकवाड आणि शिंदे ही दोन सर्वांत मोठी घराणी, तेव्हा याहून तोलामोलाचं स्थळ शोधून सापडलं नसतं. माधवराव तिच्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. कारभारात तरबेज, मोटारींचे आणि आगगाड्यांचे शौकीन. अडचण एकच. त्यांचं लग्न झालेलं होतं. चिंकूराजे नावाची पत्नी राजवाड्यात होती. त्यांना मूल नव्हतं, गादीला वारस हवा होता.

आता गंमत बघा. मुलीला सवतीवर देणारं हे घर म्हणजे कुणी जुन्या वळणाचं घर नव्हतं. सयाजीरावांनी १९०४ मध्ये बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा केला होता आणि १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात मुलामुलींचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं. चिमणाबाई तर त्याहून पुढच्या. हिंदुस्थानी समाजातल्या स्त्रियांच्या स्थानावर त्यांनी एस. एम. मित्रा यांच्यासह एक इंग्रजी ग्रंथ लिहिला, तो प्रसिद्ध झाला तेही साल १९११. पुढे १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन पुण्यात भरलं, त्याच्या अध्यक्षा याच. आईचं पुस्तक निघालं त्याच साली लेकीच्या लग्नाचा घाट घातला गेला होता. मी यात चिमणाबाईंना ढोंगी म्हणणार नाही. जगातल्या सगळ्या बायकांबद्दल एक विचार आणि आपल्या मुलीच्या स्थळाबद्दल दुसरा, हे आपल्या घरांतही होतं. इथे वाढलेल्या मुलांची लग्नं जुळवताना आपल्यापैकी किती जणांचे पुरोगामी विचार नेमके रजेवर जातात, ते ज्याचं त्यानं आठवावं.

डिसेंबर १९११ मध्ये दिल्लीला बादशहा पंचम जॉर्जचा दरबार भरला. एकेका संस्थानिकानं पुढे जाऊन मुजरा करायचा आणि पाठ न दाखवता मागे सरकायचं, असा शिरस्ता. सयाजीरावांनी एकदा मान लववली आणि सरळ वळून चालू लागले. इंग्रजी वर्तमानपत्रांनी काहूर माजवलं. राजद्रोह इथपर्यंत शब्द गेले आणि महाराजांना व्हाइसरॉयकडे लेखी खुलासा द्यावा लागला. बडोद्यावर इंग्रजांची आधीच वक्रदृष्टी होती, अरविंद घोष तिथेच नोकरीला होते हे ते विसरले नव्हते. अशा वेळी इंग्रजांच्या खास मर्जीतले शिंदे जावई म्हणून मिळणं ही बडोद्याची मोठी ढाल होती.

त्याच दरबाराच्या धामधुमीत इंदिराराजेंची कूचबिहारच्या राजपुत्र जितेंद्र नारायण यांच्याशी गाठ पडली. आणि बडोद्याला लग्नाची तयारी चाललेली असताना या एकोणीस वर्षांच्या मुलीनं आईबापांना न विचारता थेट नियोजित वराला पत्र टाकलं की आपल्याला हे लग्न करायचं नाही. पत्राचा अर्थ काय, अशी ग्वाल्हेरहून महाराजांकडे तार आली तेव्हा कुठे घरात पत्ता लागला. हे तिची मुलगी गायत्रीदेवी हिनं आपल्या आठवणींच्या पुस्तकात सांगितलं आहे. माधवराव मात्र समंजसपणे वागले असंही तिनं नोंदवलं आहे.

मी पेशानं सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे डेटाबेसमधला व्यवहार 'कमिट' होण्याआधी रद्द करता येतो, एकदा कमिट झाला की मागे फिरता येत नाही. त्या काळचं हिंदू लग्न हे नेमकं असं होतं. वाङ्निश्चय मोडला तर फार तर नुकसानभरपाईचा प्रश्न, कोर्ट कुणाला बोहल्यावर उभं करत नसे. पण एकदा सप्तपदी झाली की हिंदू स्त्रीला घटस्फोट नावाची वाटच नव्हती, नवऱ्यानं आणखी दोन बायका केल्या तरी. इंदिराराजेंचं पत्र महिनाभर उशिरा गेलं असतं तर त्याचा काहीही उपयोग नव्हता.

उशीर झाला की काय होतं, हे पंचवीस वर्षांपूर्वी मुंबईत रखमाबाईंनी भोगलं होतं. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडे राहून शिकली, आणि नवरा दादाजी भिकाजी यांच्याकडे नांदायला जायला तिनं नकार दिला. १८८४ मध्ये दादाजी कोर्टात गेले. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला, तो अपिलात टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी फर्मावलं, महिन्याभरात नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. बाई तुरुंगाला तयार झाल्या! टिळकांसारखा माणूस त्यांच्या विरुद्ध बाजूला होता. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. बडोद्यात हा गोंधळ चालला होता तेव्हा त्या तिथून जवळच, सुरतेच्या इस्पितळात बायकांची बाळंतपणं करत होत्या. एक सुतार घराण्यातली, एक राजघराण्यातली. राजकन्येकडे हत्ती-घोडे होते, पण कायद्यानं तिच्या पदरात रखमाबाईंपेक्षा जास्त काही टाकलेलं नव्हतं. तिला वेळेवर पत्र लिहायचं सुचलं, एवढाच फरक.

पुढची दीड-दोन वर्षं घरातल्या युद्धाची. आईबाप इरेला पेटले. कूचबिहार तेरा तोफांच्या सलामीचं, बडोदा एकवीस तोफांचं. जितेंद्र धाकटा, गादी थोरल्या राजेंद्र नारायण यांची. कुटुंब ब्राह्मो आणि राहणी पराकोटीची विलायती, मद्याचंही वावडं नाही. मुलीला युरोपात नेलं, भेटीगाठी बंद केल्या. तिनं हट्ट सोडला नाही.

त्या कूचबिहारच्या घराण्याचीही एक कहाणी आहे, ती ओलांडून पुढे जाववत नाही. जितेंद्रची आई सुनीतीदेवी ही केशवचंद्र सेनांची मुलगी. केशवबाबूंच्या खटपटीनं १८७२ चा विवाह कायदा झाला, त्यात मुलीचं किमान वय चौदा ठेवलं होतं आणि एक पत्नी असताना दुसरं लग्न करायला बंदी होती. सहा वर्षांनी त्याच केशवबाबूंनी चौदा पुरी न झालेली स्वतःची मुलगी कूचबिहारच्या राजाला दिली. ब्राह्मो समाजात उभी फूट पडली आणि साधारण ब्राह्मो समाज निघाला तो यावरूनच. म्हणजे व्याही-व्याही एकमेकांना शोभणारेच होते म्हणायचे.

शेवटी महाराज नरमले. ऑगस्ट १९१३ मध्ये लंडनला नोंदणी पद्धतीनं आणि ब्राह्मो विधीनं लग्न लागलं. वधूचे आईवडील हजर नव्हते. लंडन तरी त्या वेळी कुठलं? दोनच महिन्यांपूर्वी मताधिकारासाठी लढणारी एमिली डेव्हिसन डर्बीच्या शर्यतीत बादशहाच्या घोड्यापुढे जाऊन जखमी झाली आणि मरण पावली होती. तिथे नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवून घटस्फोट मिळे. बायकोला मात्र तेवढं पुरत नसे, जोडीला क्रूरपणा किंवा परित्याग वगैरे सिद्ध करावा लागे. हा भेद १९२३ पर्यंत चालला. आपल्या या न्यूझीलंडनं तो १८९८ च्या घटस्फोट कायद्यातच काढून टाकला होता, आणि बायकांना मत तर १९ सप्टेंबर १८९३ लाच दिलं होतं. दहा डॉलरच्या नोटेवर केट शेपर्ड आहेत त्या उगाच नाहीत. अर्थात इथेही बायकांना निवडणुकीला उभं राहायची मुभा १९१९ मध्ये मिळाली आणि पार्लमेंटात पहिली बाई, एलिझाबेथ मॅककॉम्ब्स, गेली ती १९३३ मध्ये. एकदम सगळं कुणीच देत नाही.

लग्नानंतर काही दिवसांतच थोरले राजेंद्र नारायण वारले आणि इंदिराराजे महाराणी झाल्या. नऊ वर्षांनी, डिसेंबर १९२२ मध्ये, जितेंद्रही गेले, वय अवघं छत्तीस. पदरी पाच मुलं. तिशीच्या या विधवेनं अज्ञान मुलाच्या वतीनं १९३६ पर्यंत राज्याचा कारभार पाहिला. पांढऱ्या साडीत कोपऱ्यात बसल्या नाहीत. शिफॉनच्या साड्या नेसल्या, इटलीतल्या फेरागामोकडे बुटांचे डझनावारी जोड करवून घेतले. आत्याचा आवाज खाली यायचा तो बहुधा या बुटांपाशी.

बडोद्यात सयाजीरावांनी १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. बाकी देशात हिंदूंना तो हक्क १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं मिळाला, मुंबई प्रांतात जरा आधी, १९४७ मध्ये. लेकीच्या प्रकरणानं महाराजांना यातलं किती शिकवलं, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ज्या माणसानं एका मुलीला दार उघडायला दीड वर्ष लावलं, त्यानंच ते सगळ्या प्रजेसाठी उघडलं. आणि नातवानं काय केलं? प्रतापसिंहरावांनी १९४३ मध्ये, पहिली राणी शांतादेवी असताना, पिठापुरमच्या सीतादेवींशी लग्न केलं. द्विभार्याप्रतिबंधाचा कायदा बडोद्यातच होता. तो प्रजेला लागू, राजाला नाही, असा युक्तिवाद झाला!

आणखी एक. १९४० मध्ये गायत्रीदेवीनं स्वतःच्या मर्जीनं जयपूरच्या सवाई मानसिंहांशी लग्न केलं. त्यांची तिसरी राणी म्हणून. दुसरी व्हायला नको म्हणून जिनं दोन घराणी हलवली, तिची ही मुलगी. इंदिराराजेंनी नाराजी दाखवली, पण आडव्या आल्या नाहीत, आणि येणार तरी कुठल्या तोंडानं? याच गायत्रीदेवी १९६२ मध्ये जयपूरमधून लोकसभेला उभ्या राहिल्या आणि २ लाख ४६ हजारांपैकी १ लाख ९२ हजारांहून जास्त मतं घेऊन गेल्या. पुस्तकी स्त्रीमुक्तीत ही बाई कुठे बसवायची, यावर त्या रात्री आमच्याकडे बारा वाजेपर्यंत वाद झाला आणि दोन वहिनी एकमेकींशी जरा तुटकच बोलून घरी गेल्या.

वादात एक नाव मात्र कुणी घेतलं नाही, मीही नाही, गाडी चालवताना आठवलं. चिंकूराजे. नवऱ्याचं दुसरं लग्न ठरलं तेव्हा आणि मोडलं तेव्हा त्या ग्वाल्हेरला होत्या. पुढे माधवरावांनी गजराराजेंशी लग्न केलं, १९१६ मध्ये वारस जन्मला, बादशहाच्या नावावरून त्याचं नाव जॉर्ज जिवाजीराव ठेवलं, तेव्हाही त्या तिथेच होत्या. रखमाबाईंवर २०१६ मध्ये चित्रपट निघाला. इंदिराराजेंवर कुणी काढलाच, तर दागिने, दरबार, लंडन हे सगळं त्यात असेलच. ग्वाल्हेरच्या वाड्यात ते पत्र येऊन पोचल्याची बातमी चिंकूराजेंच्या कानावर गेली तेव्हा त्या काय करत होत्या, एवढा एक प्रसंग त्यात असावा.