लष्करी लघुप्रतिकृती : हजिऱ्याची ‘के-९ वज्र’

रणगाडा, तोफ किंवा लढाऊ विमान यांची सर्व मापे एकाच प्रमाणात लहान करून बनवलेली स्थिर प्रतिकृती. छंदिष्टांमध्ये तिला ‘स्केल मॉडेल’ म्हणतात. विमानांसाठी १:७२ व १:४८, तर चिलखती वाहनांसाठी १:३५ ही प्रमाणे रूढ आहेत. १:३५ रुळले ते जपानच्या तामिया कंपनीमुळे. १९६० च्या दशकाच्या आरंभी तिने पँथर रणगाड्याचा मोटरवर चालणारा संच काढला; आत सेल आणि मोटर मावावीत म्हणून हे माप ठरले.

सुरतचा संदर्भ : सुरतजवळच्या हजिरा येथे लार्सन अँड टुब्रोच्या चिलखती वाहनांच्या कारखान्याचे उद्घाटन १९ जानेवारी २०१९ रोजी झाले. दक्षिण कोरियाच्या मूळ तोफेवर आधारलेली ‘के-९ वज्र’ ही पट्ट्यांवर चालणारी स्वयंचलित तोफ येथे तयार होते. २०१७ च्या करारानुसार १०० तोफा द्यायच्या होत्या. देवळालीला ९ नोव्हेंबर २०१८ रोजी वज्र लष्करात दाखल झाली आणि १०० वी तोफ तत्कालीन लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांनी १८ फेब्रुवारी २०२१ रोजी हजिऱ्याहून रवाना केली. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी तोफांसाठी सुमारे ७,६२९ कोटी रुपयांचा करार झाला.

मापे : वज्रची तोफ १५५ मिमी, ५२ कॅलिबरची आहे. म्हणजे नळीची लांबी १५५ × ५२ = ८,०६० मिमी. १:३५ मध्ये ती २३ सेंमी होते, आतले छिद्र जेमतेम ४.४ मिमी. १:७२ मध्ये हीच नळी ११.२ सेंमी भरते. १७५ सेंमी उंचीचा जवान १:३५ मध्ये ५ सेंमीचा होतो. दरवाजे, पायऱ्या, हँडल यांची मापे त्याच्याशी ताडून पाहता येतात.

जोडणी : कोरियाच्या अ‍ॅकॅडमी कंपनीने के-९ चा १:३५ संच काढला आहे. त्यातून वज्र घडवताना भारतीय तोफेच्या फोटोंवरून तपशील तपासून घ्यावे लागतात. सुटे भाग पॉलिस्टायरिनच्या चौकटीतून निपरने कापतात आणि साच्याची रेघ पात्याने खरवडतात. चिकटवण्याचे द्रावण प्लास्टिक किंचित विरघळवते, त्यामुळे दोन भाग अक्षरशः एकजीव होतात. दोन अर्ध्या भागांची नळी जोडली की सांधा पुट्टी आणि पॉलिश पेपरने नाहीसा करावा लागतो. ही कटकट टाळण्यासाठी अनेक जण लेथवर कातलेली अ‍ॅल्युमिनियमची नळी वापरतात. पट्टा वरच्या बाजूला आपल्या वजनाने थोडा झोल खातो. तो झोल साधला नाही, तर बाकीचे काम कितीही सुबक असले तरी पन्नासेक टनांची गाडी पोकळ वाटते.

रंगकाम : आधी प्रायमर, मग एअरब्रशने पातळ थर, त्यावर डिकॅल आणि शेवटी मॅट वार्निश. तापीकाठी, समुद्राजवळच्या सुरतेत पावसाळ्यातली दमट हवा लॅकर रंगावर पांढुरकी झाक आणते. म्हणून काँप्रेसरला पाणी अडवणारा सापळा जोडणे आणि कोरड्या दिवशी फवारणे श्रेयस्कर.

धूळ व संदर्भ : वापराच्या खुणा उमटवण्याला ‘वेदरिंग’ म्हणतात. पातळ गडद वॉश खाचांत मुरतो, कोरडा ब्रश कडा उजळतो आणि पिगमेंटची पूड धूळ बनते. धूळ मात्र पुराव्यानेच बसवावी. वज्र मुळात वाळवंटासाठी घेतली गेली आणि २०२१ मध्ये लडाखलाही पोहोचली. दोन्हीकडची माती वेगळी. २०१९ च्या प्रजासत्ताकदिनाच्या संचलनातली वज्र ताज्या रंगाची होती, म्हणून त्या दिवसाच्या प्रतिकृतीवर चिखल चालत नाही. लष्करी ठाण्यांत छायाचित्रणास बंदी असल्याने अशी जाहीर संचलने हाच महत्त्वाचा आधार ठरतो.

शिक्षण व संग्रह : राष्ट्रीय छात्र सेनेच्या वायुसेना विभागात एरोमॉडेलिंग आणि नौदल विभागात जहाजांचे मॉडेलिंग शिकवले जाते. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात (स्थापना १९९४) जुनी वाहने जवळून पाहता येतात. पोलादाच्या ओबडधोबड वेल्डिंगची आणि ओतीव बुरुजाच्या खडबडीतपणाची ओळख फोटोपेक्षा तिथे नीट पटते.

महत्त्व : चांगली प्रतिकृती एका विशिष्ट गाडीची, एका ठिकाणची, एका काळाची नोंद असते. म्हणून अभ्यासू छंदिष्ट मॉडेलच्या तळपाटीवर वाहनाचे नाव, ठिकाण आणि वर्ष लिहितात. तेवढे लिहिता आले, तर त्यावरचा प्रत्येक ओरखडा तपासता येतो.