बॅले नृत्यांतील स्थैर्य

पाश्चात्त्य बॅले नृत्याचें नांव निघालें कीं उड्या आणि गिरक्या डोळ्यांपुढें येतात. परंतु या कलेची खरी कसोटी मंद हालचालींत आहे. नर्तकी एका पायावर उभी राहते, दुसरा पाय गुडघ्यांत दुमडून वर आणते आणि मग तो सावकाश हवेंत उलगडते. लय विलंबित असल्यामुळें चूक लपवावयास जागा नसते. या प्रकारास ‘आदाज्यो’ म्हणतात. मागें उचललेला पाय सरळ ताणला तर ‘आराबेस्क’ होतें, गुडघ्यांत वांकविला तर ‘आतित्यूद’. पाय मागें जातांच धड पुढें झुकूं लागतें. तें पाठीच्या बळावर सांवरून सर्व भार एका पावलावर तोलणें, हेंच त्यांतील मर्म होय.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईनें १६६१ सालीं नृत्याची अकादमी स्थापिली, तेव्हां नृत्य हें दरबारी शिष्टाचाराचें अंग होतें. पुढें १८२० सालीं कार्लो ब्लासिस या इटालियन नर्तकानें मिलान येथें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तोलाचें शास्त्र सांगितलें. आतित्यूदची तुलना त्यानें जांबोलोन्या या शिल्पकाराच्या मर्क्युरीशीं केली. ती कांशाची मूर्ति एका पायाच्या टोकावर उभी आहे. जणूं आतां उडेल, तरी निश्चल.

हें निश्चलत्व किती कष्टसाध्य आहे, हें मारी ताल्योनीच्या चरित्रावरून कळतें. १८२२ सालीं व्हिएन्ना येथें तिचें पदार्पण होण्यापूर्वीं पित्यानें तिच्याकडून रोज सहा तास मेहनत करून घेतली. त्यांपैकीं दोन तास केवळ मंद हालचालींस दिलेले असत, आणि एकेक स्थिति शंभर अंक मोजीपर्यंत धरावी लागे. १८३२ सालीं पॅरिसमधील ‘ला सिल्फीद’मध्यें प्रेक्षकांना जी वायुरूप भासली, तिच्या हलकेपणाच्या मुळाशीं ही शंभराची मोजणी होती.

१८९० सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें पेतिपानें चायकोव्हस्कीच्या संगीतावर ‘निद्रिस्त सुंदरी’ रंगभूमीवर आणली. तींतील ‘गुलाबांचा आदाज्यो’ आजही नर्तकींची परीक्षा पाहतो. चार राजपुत्र आळीपाळीनें राजकन्येचा हात धरतात. एकाचा हात सुटून दुसऱ्याचा मिळेपर्यंत तिला पायाच्या टोकावर एकटीनें तोल राखावा लागतो.

याच नृत्याची लंडनच्या रॉयल बॅलेच्या संग्रहांतील १९४६ ते २००४ पर्यंतचीं चित्रें अभ्यासकांनीं मोजलीं. त्या साठ-एक वर्षांत पाय अधिकाधिक उंच जात गेला, आणि सामान्य प्रेक्षकांसही अलीकडच्याच आकृति अधिक आवडल्या, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. अभिरुचि बदलते, त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु उंची हेंच सौंदर्याचें माप ठरलें, तर नृत्य आणि कसरत यांतील भेद उरणार नाहीं, अशी भीति आम्हांस वाटते. वरचा पाय कोठवर गेला, हें कोणासही तत्काळ दिसतें. खालचा पाय किती शांत राहिला, हें पाहावयास रसिकता लागते.