गिरगाव सोडताना

१९३८ साली आजोबांनी गिरगावातली चाळ सोडली तेव्हा घरात पाच मुलं होती आणि खोल्या दोन. अख्ख्या मजल्याला मिळून तीन संडास. पहाटेपासून टमरेलांची रांग.

मुंबईच्या अशा दाटीची किंमत १८९६च्या प्लेगने दाखवली होती. १८९८मध्ये शहरसुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला, दादर-माटुंग्याकडे रुंद रस्ते आणि आखीव प्लॉट पडले. पलीकडच्या माहीम पार्कचं १९२७मध्ये शिवाजी पार्क झालं. आजोबा सांगत, तिथल्या नव्या इमारतींवर ‘भाड्याने देणे’च्या पाट्या लटकत आणि मालकच भाडेकरूंच्या मागे लागत. (आज हे कुणाला पटेल?)

आजोबांनी तिथेच बिऱ्हाड हलवायचं ठरवलं. आजीला मात्र शिवाजी पार्क रान वाटे. “दिवेलागणीनंतर चिटपाखरू नसतं तिथे, मुलं आजारी पडली तर कुणाला हाक मारू?” आजोबांचा हिशेब वेगळा होता: मैदान, स्वतंत्र मोरी, आणि फोर्टातल्या कचेरीला जायला १९२८पासून विजेवर धावणारी लोकल. शाळेचं काय, याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. ते १९४०मध्ये आलं, दादासाहेब रेग्यांनी बालमोहन काढली तेव्हा.

आजी हरली, पण पुरती नाही. वर्षाचा गोडा मसाला कुटून आणायला ती शेवटपर्यंत गिरगावातच जायची.