एका सामायिक फोल्डरची बखर

कोकणात 'शेअर करणे' या क्रियापदाला मराठी प्रतिशब्द फार पूर्वीपासून आहे. तो म्हणजे 'वाटणी'. हा शब्द नुसता मोठ्याने उच्चारला तरी अलिबागच्या कोर्टाच्या आवारातले निदान चार काळे कोट मान वर करून बघतात. आमच्याकडे एका विहिरीला सहा हिस्सेदार असतात, एका फणसाला नऊ, आणि वाडीतल्या एका पायवाटेपायी दोन पिढ्या तारखा पडत राहतात. अशा मुलखात दोन संगणकांनी एक फोल्डर गुण्यागोविंदाने वापरावा, ही अपेक्षाच मुळी धाडसाची. तरी हा उद्योग जगात गेली पन्नास वर्षं चालू आहे आणि त्यातली एक मोठी लढाई आमच्याच रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर झाली. म्हणून मी साधा बी.कॉम. असूनही ही बखर लिहायला बसलो आहे. इतिहासाचे प्राध्यापक मला क्षमा करतील. संगणकवाले करणार नाहीत. त्यांचा आधी पासवर्ड विचारायचा प्रघात असतो.

बखरीची सुरुवात समुद्रातच होते, फक्त तो समुद्र आपला नव्हे. हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन नावाचे प्राध्यापक होते. निरनिराळ्या बेटांवरून एका मोठ्या संगणकाशी बोलायचं कसं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. त्यांनी रेडिओची मदत घेतली आणि १९७१ साली 'अलोहानेट' सुरू झालं. सगळ्यांनी एकाच लहरीवर बोलायचं. दोघे एकदम बोलले तर दोघांचाही निरोप बिघडणार. मग दोघांनीही थोडा थोडा वेळ थांबायचं आणि पुन्हा बोलायचं. पुढे रॉबर्ट मेटकाफ यांनी झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात तारेवरून हाच प्रकार बसवला आणि त्यात एक सुधारणा केली : बोलण्याआधी दुसरं कोणी बोलत नाही ना, हे ऐकून घ्यायचं. २२ मे १९७३ च्या त्यांच्या टिपणात या पद्धतीला 'ईथरनेट' हे नाव मिळालं. आधी ऐका, मग बोला, आणि दोघे एकदम बोललात तर दोघेही गप्प बसा. जगभरच्या यंत्रांनी हा नियम निमूटपणे स्वीकारला. आमच्या ओटीवर तो अजून पोचायचा आहे.

तार झाली, पण तारेवरून बोलायचं काय? १९८३ च्या सुमाराला आय.बी.एम.च्या छोट्या संगणकांसाठी 'नेटबायॉस' नावाची व्यवस्था आली. तिच्यात प्रत्येक संगणकाला पंधरा अक्षरांपर्यंतचं नाव असे आणि एकाला दुसरा हवा असला की तो सरळ सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारी. ज्याचं नाव असेल त्याने ओ द्यायची. आमच्या वाडीत याहून वेगळं काही चालत नाही. त्याच कंपनीतल्या बॅरी फायगेनबॉम यांनी दुसऱ्याच्या डिस्कवरची फाइल आपलीच असल्यासारखी उघडता येईल अशी बोलीभाषा तयार केली. आधी तिला त्यांनी स्वतःच्या आद्याक्षरांचं नाव दिलं होतं. नंतर ते बदलून 'सर्व्हर मेसेज ब्लॉक', म्हणजे एस.एम.बी. केलं. आपल्याकडे असतं तर नाव बदललं नसतं, वर कोनशिला बसली असती. या भाषेचा स्वभाव मात्र लक्षात ठेवा. ती जन्मली चार ओळखीच्या माणसांच्या कचेरीत. दाराला कडी असते, पण दिवसा कोणी लावत नाही, असं ते घर होतं.

आणि तेव्हा आमच्या बँकांत काय चाललं होतं? १९८३ साली बँकांची संघटना आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात यंत्रांविषयी करार झाला. १९८४ साली रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल आला आणि शाखाशाखांतून 'अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशिन' अवतरलं. संगणकाला संगणक न म्हणता लेजर लिहायचं यंत्र म्हणायची सोय त्या नावात होती. मी बँकेत लागेपर्यंत ही यंत्रं अडगळीत गेली होती, पण आमच्या जुन्या हेडकॅशियरांनी त्यांच्या कथा मला ऐकवल्या आहेत. एका टेबलावरच्या यंत्राला शेजारच्या टेबलावरचं यंत्र ठाऊक नसे. माहिती फ्लॉपीवर घ्यायची, फ्लॉपी शिपायाच्या हातात द्यायची आणि शिपायाने ती चहा पिऊन पलीकडे पोचवायची. अमेरिकेत या पद्धतीला बुटांवरून नाव पडलं आहे. आमचे शिपाई चपला घालत. म्हणून मी तिला चप्पल-नेट म्हणतो. वेग बेताचा, पण वाटेत निरोप कधी फुटला नाही.

१९९२ साली 'विंडोज फॉर वर्कग्रुप्स' आलं, २४ ऑगस्ट १९९५ ला 'विंडोज ९५' आलं आणि पडद्यावर 'नेटवर्क नेबरहूड' म्हणून चक्क शेजार दिसू लागला. या शेजारात कोण कोण राहतं, याची यादी ठेवायला संगणक आपसांत निवडणूक घेत. खरंच घेत! नव्या आवृत्तीचा उमेदवार जुन्याला पाडायचा. बरोबरी झाली तर जास्त वेळ जागा असलेला निवडून यायचा. न सांगता बंद पडलेल्या संगणकाचं नाव यादीत पाऊण तासापर्यंत टिकून राही. मतदारयाद्या पाहिलेल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. तिकडे ऑस्ट्रेलियात कॅनबेऱ्याला अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या विद्यार्थ्याने तारेवरचे निरोप ऐकून ऐकून, कोणी न शिकवता ही भाषा उलगडायला घेतली आणि १९९२ च्या सुरुवातीला आपली प्रणाली सगळ्यांना देऊन टाकली. पुढे तिला नाव हवं झालं तेव्हा त्याने एस, एम, बी ही अक्षरं असलेले शब्द शब्दकोशातून शोधून काढले आणि त्यातला 'सांबा' निवडला. आपल्याला या नावाने वेगळाच कोणी आठवतो, पण तो दोष शब्दकोशाचा नाही.

आता इतिहास नागावात येतो.

आमच्या अप्पांकडे २००४ साली घेतलेला संगणक आहे, त्यात २००१ सालचं 'विंडोज एक्सपी'. निवृत्तीनंतर अप्पांनी त्यात वाडीची नोंदवही केली. प्रत्येक पोफळीला आणि प्रत्येक माडाला नंबर. कोणता कधी लावला, कोणत्याने किती दिलं, कोणाला गेंडा भुंगा लागला, कोणता शेजाऱ्यांच्या कौलांवर वाकला आणि त्यावरून कोण काय बोललं. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. दुपारनंतर ओटीवर उभं राहिलो तर जो समुद्र कधी घरातून दिसला नव्हता तो सरळ समोर दिसत होता. ३५० पोफळींपैकी ३९ उरल्या. तेव्हापासून आमची वाडी फक्त त्या फाइलीत उभी आहे.

आणि ती फाइल त्या संगणकात अडकलेली. खाऱ्या हवेने सीडीचा खण गंजला होता, पेनड्राइव्हच्या खाचा मेल्या होत्या. यंत्र खोलून आतली डिस्क काढावी, असं मी सुचवताच अप्पा म्हणाले, "जिवंत माणसाचं पोस्टमॉर्टेम करत नाहीत." राहिली एकच वाट : मागची नेटवर्कची खाच. चिरंजीवांची शाळा ऑनलाइन झाली तेव्हा घेतलेला नवा लॅपटॉप घरात होता. दोघांना एका राउटरला जोडलं आणि २०२१ च्या दिवाळीत वाटाघाटी सुरू झाल्या.

पहिलं गाऱ्हाणं पत्त्याचं. जुन्याने आपला पत्ता १६९.२५४ असा सुरू होणारा दाखवला. राउटरकडून पत्ता मिळाला नाही की संगणक नाइलाजाने असा पत्ता स्वतःच घेतो. म्हणजे तार तपासा. तार सैल होती, ती दाबली, आणि १९२.१६८ चा रीतसर पत्ता मिळाला. दुसरं, दोघांच्या वर्कग्रुपचं नाव वेगळं होतं, ते एक केलं. तिसरं, जुन्याची आतली बटण-बॅटरी संपलेली, त्यामुळे सुरू केला की तो दर वेळी तारीख दाखवी १ जानेवारी २००२. त्याच्या हिशेबी वादळ यायला अजून अठरा वर्षं होती. अप्पा त्या तारखेकडे जरा जास्तच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "हं, चालू दे पुढे."

पुढे शेजारच दिसेना. यादी रिकामी. जुन्या निवडणुकांची ती पद्धत नव्या आवृत्त्यांनी मोडीत काढली आहे. म्हणून यादीच्या नादी न लागता जुन्याचा आकडी पत्ता थेट लिहिला. त्यावर नव्याने स्वच्छ सांगितलं की समोरचा जुनाट भाषेत बोलतो आहे, ती असुरक्षित आहे, मी बोलणार नाही.

"असुरक्षित कोण? मी?" अप्पांनी विचारलं.

त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. कारण घडलं आमच्याच जिल्ह्यात, उरण तालुक्यात.

एस.एम.बी.च्या पहिल्या आवृत्तीला एक भोक होतं. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याला ते ठाऊक होतं आणि त्यातून शिरायचं हत्यारही त्यांनी बनवलं होतं. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ठिगळ दिलं. एप्रिलमध्ये ते हत्यार चोरट्यांनी जगजाहीर केलं. १२ मे रोजी 'वॉनाक्राय'ने त्याच भोकातून शिरून जगभर धुमाकूळ घातला. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ लाच थांबली होती, तरी त्या घाईत तिलाही ठिगळ काढावं लागलं. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' आला. त्याचा उगम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या प्रणालीत. हिशेबाच्या! आम्हा कॉमर्सवाल्यांची मान खाली गेली. तिथून तो मेर्स्क या जहाज कंपनीत शिरला, आणि न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं त्यांच्या गटाचं टर्मिनल ठप्प झालं. कोणता कंटेनर कुठे, हे सांगणारी यंत्रंच मुकी झाली. एका यंत्रात शिरला की तो तिथले पासवर्ड गोळा करी आणि ठिगळ लावलेल्या यंत्रांतही त्या किल्ल्यांनी शिरे. एका घराने कडी लावली नाही म्हणून आळीतल्या सगळ्यांची कुलपं निघाली. मेर्स्कला ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले.

पण खरी गंमत पुढेच. कंपनीतल्या सगळ्यांची ओळखपाळख ठेवणारे सर्व्हर जगभर होते आणि ते एकूण एक पुसले गेले होते. एक मात्र वाचला, आफ्रिकेत घाना देशात. का? तर त्या वेळी तिथली लाइट गेली होती! आम्ही कोकणातली माणसं आयुष्यभर ज्या गोष्टीला शिव्या घालत आलो, तिने जगातली एवढी मोठी कंपनी तारली. ती माहिती तारेवरून पाठवायला फार दिवस लागले असते. म्हणून एक माणूस ती घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तिथे त्याने ती दुसऱ्याच्या हातात दिली आणि दुसऱ्याने ती इंग्लंडला नेली. वाचकहो, हे चप्पल-नेट. आमचे शिपाई हेच करत होते, तेही विमानभाडं न घेता.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून 'विंडोज १०'च्या नव्या आवृत्तीत ही जुनी भाषा आपोआप बंद होऊ लागली. मिळाली तरी पंधरा दिवस वापरली नाही की ती काढून टाकली जाते. आम्ही बँकेत खातं निष्क्रिय करायलासुद्धा दोन वर्षं थांबतो.

अप्पांना सगळं पटलं. "म्हणजे दार कायमचं उघडं ठेवायचं नाही," ते म्हणाले, "पण माणूस आत असेल तर त्याला बाहेर काढण्यापुरतं उघडायला हरकत नाही." माझ्या मते संगणकाच्या पुस्तकांतही याहून चांगला सल्ला नसावा. चिरंजीवांनी आधी राउटरमधून बाहेरच्या इंटरनेटची तार उपटली. मग लॅपटॉपमध्ये विंडोजच्या जादा सोयींची यादी काढून त्यात जुन्या भाषेच्या फक्त बोलणाऱ्या भागावर खूण केली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. जुन्याने ओ दिली. सोळा वर्षांची वाडी उतरवायला दोन सेकंद लागले नाहीत. दार उघडं होतं तेवढ्यात मुलाने जुना फाँटही उचलला, आणि ते बरं झालं. कारण त्या काळचे मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी बसवत. फाँट नसता तर '४१ नंबरची पोफळ' म्हणून भलतंच काही उगवलं असतं. मग खूण काढली, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, आणि नंतरच बाहेरची तार परत लावली.

"आता जुन्यातली पुसू का, आजोबा?"

"मूळ सातबारा कोणी फाडतं का रे?"

मग परवानग्यांचा प्रश्न निघाला. फाइल कोणी वाचायची, कोणी लिहायची. अप्पांनी वाटणी पाच मिनिटांत केली. कोर्टात हिला पंचवीस वर्षं लागली असती. "जुन्या झाडांचं मी लिहिलंय. ते सगळ्यांनी वाचावं, हात कोणी लावू नये. वादळानंतर लावलेल्या रोपांचं नवीन पान कर. ती फळाला यायला सहा-सात वर्षं लागतील. ते पान आपण दोघांनी लिहायचं, आणि मी नसलो तर तू एकट्याने."

चिरंजीवांना याला कुठली खूण करायची ते कळेना. मला कळलं. आमच्या बँकेत सामायिक खात्याच्या फॉर्मवर यासाठी वेगळा चौकोन असतो. त्याला म्हणतात, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'.